न कापलेली घडी

पुस्तक मिटत नव्हतं. आजच नव्हे, गेले कितीतरी दिवस. सकाळचा पाठ संपला की मी बायबल मिटायचो, ते मध्ये जरासं फुगून राहायचं, आणि मी त्याच्यावर चष्म्याची पेटी ठेवून चहाला उठायचो. जुनी बांधणी आहे, पाठ ढिली झाली असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. छापखान्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला असली कारणं आयती सुचतात. आज मात्र माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. वाचन चालू असताना मांडीवरचा फोन तीनदा थरथरला होता. पाठ संपल्याची खूण केल्यावर त्याने पडदाभर रंगीत टिकल्या उडवल्या आणि मला, बहात्तर वर्षांच्या माणसाला, शाब्बासकी दिली : सलग एकशे अठरा दिवस! पाठोपाठ आमच्या मंडळीच्या वाचनगटाच्या गटप्रमुखाचा निरोप आला की रविवारी उपासनेत माझा सत्कार आहे आणि मी दोन शब्द बोलायचे आहेत. दोन शब्द, आणि तेही चारचौघांत! मी पुस्तकावर मूठ आपटली. आत काहीतरी कडकन मोडलं. खिडकीशी बसलेल्या बायकोने मान वळवली. तिला दिसत नाही, काचबिंदूने दीड वर्षापूर्वी दोन्ही डोळे नेले, पण कान असे तयार झालेत की पलीकडच्या घरात कुणी जांभई दिली तरी कळते. मी पुस्तक उघडलं, तर मध्यात एक पेन्सिल होती. लाल-निळी, बोटभर उरलेली, आमच्या छापखान्यातली, आता मधून मोडलेली. आणि ती जिथे होती तिथली दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती.

चिकटलेली नव्हेत, जोडलेली. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, घड्यांचे जुडगे शिवतात आणि मग यंत्राचं पातं तिन्ही कडा कापतं. एखादी घडी आत सरकलेली असली की पात्यातून सुटते, आणि वरच्या बाजूला दोन पानं जुळ्यांसारखी जोडलेली राहतात. आतली दोन पृष्ठं दिसत नाहीत. उलटताना दोन्ही पानं एकदम उलटतात. असल्या प्रती आम्ही सदोष म्हणून बाजूला काढायचो आणि कामगारांना वाटून टाकायचो. ही प्रत आम्हाला लग्नात मिळाली ती तशीच. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं हे पुस्तक आमच्या घरात आहे, मंडळीत मी शास्त्र कोळून प्यायलेला माणूस समजला जातो, आणि ही घडी आजवर कुणी कापलेली नाही.

पण घाम मला त्याने फुटला नाही. मी जोडलेल्या पानांच्या अलीकडचं पृष्ठ पाहिलं आणि पलीकडचं पाहिलं. अलीकडचं संपतं ते एका पाठलागात, वाक्याच्या मध्यावर. पलीकडचं सुरू होतं ते एका गाण्यात, तेही मध्यावरच. विसाव्या अध्यायातली माणसं पळता पळता बाविसाव्या अध्यायातल्या गाण्यात जाऊन पडली होती, आणि एकविसावा अध्याय सबंध नाहीसा. हा पाठ आम्ही केला होता. कधी? मी बोटांवर मोजलं. बावीस दिवसांपूर्वी. मी मोठ्याने वाचला होता. एका माणसाच्या अर्ध्या वाक्याला दुसऱ्याचं अर्धं वाक्य शिवून, आवाज जराही न अडखळता, मी पुढे गेलो होतो. आणि फोनवर खूण केली होती : झालं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुटलेल्या ओळी शोधून पोट भरलं, त्याच्याकडून दोन पृष्ठं सुटली, आणि त्याला बावीस दिवस पत्ता नाही! एखाद्या नवशिक्याने हे केलं असतं तर मी त्याला कपाट आवरायला बसवलं असतं.

"पेन्सिल इथे कुणी ठेवली?" मी विचारलं. घरात दोनच माणसं असताना हा प्रश्न किती मूर्खपणाचा होता ते विचारून झाल्यावर कळलं.

"सापडली का?" बायको म्हणाली. "मला वाटलं, मी गेल्यावरच सापडेल."

तिच्या आवाजात चेष्टा होती आणि चेष्टेच्या खाली काहीतरी धारदार होतं. मला राग आला. खरं तर तो रांगेत उभाच होता, त्याला फक्त दार हवं होतं. कुणाकुणाचा म्हणून सांगू? मुलाचा आला. दुसऱ्या शहरात बसून त्याने हा फोन पाठवला आणि म्हणाला, बाबा, यात वर्षभराचा पाठ आखून दिलेला आहे, रोज तीन अध्याय, आईला वाचून दाखवा, शिस्त राहील. शिस्त! ज्या डबीत शिस्त ठेवली त्याच डबीत त्याने सगळ्या जगाची जत्रा भरून दिली. गटप्रमुखाचा आला. तो निवृत्त दंतवैद्य आहे आणि रोज सकाळी सहाला सगळ्यांना विचारतो, वाचलं का? हे तो अशा सुरात लिहितो की दात घासले का असंच वाटतं. खाली बावन्न जणांचे बावन्न अंगठे. पाळकसाहेबांचा आला, कारण त्यांनी देवाच्या घरात शंभरी गाठलेल्यांचा सत्कार काढला, जणू आम्ही धावा काढत होतो. आणि सगळ्यात जास्त राग आला तो खिडकीशी बसलेल्या या बाईचा, जिला सगळं कळलं होतं आणि जी गप्प बसली.

पण या मांडीवरच्या डबीला तरी मी किती दोष देऊ? मी लाजाळू माणूस. चारचौघांत मला बोलता येत नाही, लग्नाच्या पंगतीतही मी खांबाआड जागा शोधतो. फोनवर मात्र मला कुणी बघत नव्हतं. आधी मी फक्त निरोप वाचायचो. मग त्यातल्या चुका मनातल्या मनात सुधारायला लागलो. मग कुठूनसं ते गालिचे धुण्याचं खूळ शिरलं. एक माणूस, त्याचा चेहरा कधी दिसत नाही, चिखलाने काळाठिक्कर पडलेला गालिचा अंगणात पसरतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुतो. काळं पाणी, मग तपकिरी, मग करडं, आणि हळूहळू खालून लाल फुलं वर येतात. बस, इतकंच. असे शेकडो गालिचे मी पाहिले. एक संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. पुस्तक दोन्ही हातांत, फोन मांडीवर, आवाज बंद. तोंड वाचायचं आणि डोळा ओळीच्या शेवटी खाली उतरून गालिच्याचा एक कोपरा बघून यायचा. तिला दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. हे वाक्य मी आत्ता लिहिलं तसं तेव्हा मनात कधी उच्चारलं नव्हतं, पण ठाऊक होतं. शास्त्र हातात धरून, आंधळ्या बायकोसमोर, मी चोरून गालिचे बघत होतो.

आणि तोंड वाचत राहायचं, याचं कौतुक कशाला? तोंडाला ती सवय छापखान्याने लावली. तिथे मी आणि बायको, लग्नाच्या आधीपासून, जोडीने बसायचो. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. ती वाचायची, मी बघायचो. एकसुरी आवाजात, विरामचिन्हांसकट : स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. चूक सापडली की मी टेबलावर पेन्सिलीने टक करायचो, ती थांबायची, मी खूण करायचो, पुन्हा टक केलं की ती पुढे जायची. ती उंच, सरळ, मी जरा वाकडा, सगळे आम्हाला काना आणि मात्रा म्हणायचे, आणि लग्न ठरलं तेव्हा मुकादम म्हणाला, "चला, काना-मात्रा एकत्र आले, आता वेलांटी कधी?" याच मुकादमाने आम्हाला पहिल्या दिवशी बजावलं होतं, "अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलात की चूक सुटली." मी ते इतकं मनावर घेतलं की पुन्हा बाहेर आलोच नाही. सबंध शास्त्र मी प्रुफांत तीनदा तपासलं. अक्षर न् अक्षर. लोकांना वाटतं, केवढं वाचन! अरे, मी वाचलं कुठे? मी राखण केली. शेताच्या बांधावर आयुष्य काढलं, कणीस तोंडात घातलं नाही.

तिचे डोळे गेल्यावर तीच म्हणाली होती, "एकदा सगळं ऐकायचं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता, तुमच्या आवाजात. मग मी मोकळी." मी हो म्हणालो. लग्नातल्या शपथेनंतर एवढा मोठा हो मी कशालाच म्हटला नव्हता. ती म्हणाली, आता तुम्ही वाचा, मी बघते. आणि स्वतःच हसली. पेन्सिल तिच्याकडे गेली. काही चुकलं, शब्द गळला, की ती खुर्चीच्या हाताला टक करायची. पहिले तीन महिने तिने पाच-सात वेळा तरी टक केलं असेल. मग तिची टकटक थांबली, आणि मी मनात म्हणालो, बघा, हात बसला. मी मुलाला फोनवर सांगितलंसुद्धा, "तुझी आई आता एकही चूक काढू शकत नाही."

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो. माझं ओरडणं बारीक असतं, त्यात दम नसतो, पण ओरडणंच ते. "बावीस दिवस! मला त्या सगळ्यांसमोर उभं करणार होतीस? सत्काराला?"

"मी कशाला उभी करते? तुम्ही तर भाषण लिहून ठेवलंय. सरावही करता, न्हाणीघरात."

"ते सोड. टक का नाही केलंस?"

"केलं होतं की."

"कधी?"

"त्याच्या चार दिवस आधी. आठवत नसेल."

मला आठवलं. इतकं लख्ख आठवलं की मी पुस्तक टेबलावर ठेवलं. गालिचा फार मळलेला होता, धुणारा माणूस आत्ताच फरशी घासायचा ब्रश घेऊन वळला होता, आणि तिने टक केलं. मी म्हणालो, "मी नीट वाचतोय ना? दिसत नाही तर निदान ऐक तरी धड." शब्द न् शब्द हाच. मी त्यानंतर तीन अध्याय वाचले, खूण केली, टिकल्या उडाल्या. तिने पेन्सिल खाली ठेवली होती, ते मी पाहिलं नाही. तिला दिसत नाही असं तिला सांगणारा मी, आणि मला दिसत होतं.

"दिसत नाही तर निदान ऐक, म्हणालात. मग ऐकलं," ती म्हणाली. "काय काय ऐकू येतं सांगू? पान उलटायच्या आधी तुमचा अंगठा काचेवर घासतो तो ऐकू येतो. तुमचा श्वास चुकीच्या जागी पडतो. त्या दिवशी पान उलटलंत ते जड वाजलं. दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी पुस्तक घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, तर वरून घडी बंद. ठेवली पेन्सिल आत. म्हटलं, बघू, मात्रेला कळतंय का."

"आणि कळलं नसतं तर?"

"तर नसतं कळलं." तिने पदर सारखा केला. "सांगितलं असतं तर तुम्ही ती दोन पृष्ठं तोंडावर फेकल्यासारखी वाचून टाकली असतीत. ती बाई अशी वाचलेली नको होती मला."

कोणती बाई, हे विचारायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. त्या पाठाच्या आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, "उद्या ती येणार." मी विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "ती, खडकावरची." मी फोनकडे बघत म्हणालो, "बरं." मला वाटलं होतं, कुणी पाहुणी.

एकविसावा अध्याय. राजा आधीच्या, मेलेल्या राजाच्या घरातली मुलं सूड घेणाऱ्यांना मारू देतो, प्रेतं डोंगरावर उघडी टाकतात, आणि त्यातल्या दोघांची आई खडकावर गोणपाट अंथरून बसते. दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना हाकलत, पाऊस पडेपर्यंत. बोलत काहीच नाही. दोन-तीन ओळींची बाई. छापखान्यात आमची जोडी जमून महिना झाला होता, प्रुफं शास्त्राची होती, आणि ही ओळ वाचताना तिचा आवाज थांबला. मी वर पाहिलं नाही. माझ्या समोर गोष्ट नव्हतीच, फक्त अक्षरं होती, आणि ती बरोबर होती. मी टक टक केलं. ती गप्पच. मी पुन्हा टक टक केलं आणि म्हणालो, "पुढे." ती पुढे गेली. स्वल्पविराम, ती म्हणाली. तिचा मोठा भाऊ दोनच महिन्यांपूर्वी कारखान्यात यंत्रात सापडून गेला होता, त्याच्या पगाराची जागा भरायला ती नोकरीला लागली होती, आणि तिची आई शवागाराबाहेर दोन दिवस एका बाकावर बसून होती. बाहेरच्या ओट्यावर ठेवलेल्या स्ट्रेचरवरच्या माशा वर्तमानपत्राने वारत. हे मला लग्नानंतर कळलं. कळल्यावर मी काय केलं? काही नाही. मी वाईट वाटून घेतलं, मनात. माझं सगळं मनातच असतं, तिथे मी फार भला माणूस आहे.

"तू नंतर कधी वाचलं नाहीस ते?" मी विचारलं.

"मुद्दाम नाही उघडलं. डोळे होते तोवर भीती वाटली. गेल्यावर म्हटलं, आता ऐकेन. तुमच्याकडूनच. ज्याने पुढे म्हटलं त्याच्याकडून. आणि तुम्ही उडी मारून गेलात. माणूस चुकतो हो, मीही कमी ओळी गाळल्या नाहीत. पण तुमचा आवाज कुठेही अडला नाही. तो जराही अडला नाही, त्याचा मला राग आला. राग मला यायचा, तर आज सकाळपासून तुम्हीच तो घेऊन बसलाय. तोही मला मिळू नये?"

माझा राग मी शोधला, तर मुलगा, दंतवैद्य, पाळकसाहेब सगळे कुठल्या कुठे पांगले होते आणि तो एकटा माझ्या पायाशी येऊन बसला होता, पाळलेल्या जनावरासारखा. मी फोन घेतला. एकशे अठरा दिवसांच्या खुणांची माळ खाली खाली सरकवत शहाण्णवाव्या दिवसावर आलो आणि ती खूण काढली. फोनने विचारलं, साखळी तुटेल, मोजणी पहिल्यापासून सुरू होईल, खात्री आहे का? असं कुणी मला आयुष्यात विचारलं नव्हतं. मी हो दाबलं. एकशे अठराच्या जागी शून्य आलं. टिकल्या उडाल्या नाहीत. पाचच मिनिटांत दंतवैद्याचा फोन.

"काका, तुमचं शून्य दिसतंय इकडे. काहीतरी बिघाड झालाय. मी करतो नीट, तुम्ही हात लावू नका."

"बिघाड नाही. बरोबर आहे."

"अहो, पण रविवार! पाळकसाहेबांनी नाव छापलंय."

"छापलेलं चुकतं," मी म्हणालो. "मी त्यातलाच आहे, मला विचारा."

"म्हणजे... वाचलं नाहीत का काका?"

बावन्न अंगठे माझ्याकडे वळलेले दिसले. "नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. "वाचलं नाही. खूण केली. हे रविवारी माझ्या ऐवजी तुम्हीच सांगा, मला चारचौघांत बोलता येत नाही." मी फोन बंद केला, पार बंद, आणि कपाटात खालच्या खणात जुन्या चादरींखाली सारला. खण बंद करताना बोट चेमटलं. मी शिवी दिली.

"शास्त्र काढलंय, जरा जपून," बायको म्हणाली.

मी स्वयंपाकघरातून पावाची सुरी आणली. घडीत घातली आणि सावकाश ओढली. चव्वेचाळीस वर्षांचा कागद करकरत कापला गेला, कडेला बारीक दाते राहिले. आतली पृष्ठं बाहेरच्यांपेक्षा पांढरी होती. त्यांच्यावर कधी उजेड पडला नव्हता. मोडलेल्या पेन्सिलीचा लाल तुकडा मी तिच्या हातात दिला. तिने तो चाचपला, टोक कुठलं ते पाहिलं.

"मोडलीत ती," ती म्हणाली.

"हो."

"बसा आता."

मी अलीकडच्या पृष्ठापासून सुरुवात केली, म्हणजे ते अर्धं वाक्य पुरं व्हावं. पाठलाग करणारी माणसं आपल्या जागी पोचली. अध्याय संपला. दुष्काळ आला, राजाने विचारलं, सौदा झाला, मुलं दिली गेली. मी एकेक शब्द बघत होतो, आणि त्यामागे काहीतरी हलत होतं. इतकी वर्षं मी याच्याकडे पाठ करून उभा होतो. मग गोणपाट आलं, खडक आला. मला पाखरं दिसली नाहीत. मला एक बाक दिसला, आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि वर-खाली होणारा हात. आणि टेबलाच्या अलीकडे मान खाली घालून बसलेला एक वाकडा तरुण दिसला, ज्याच्या समोरची अक्षरं बरोबर होती. माझा आवाज थांबला. मी ठरवून थांबवला नव्हता, आणि प्रयत्न केला तरी निघेना.

टक टक.

मी वर पाहिलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पेन्सिलीचा तुकडा खुर्चीच्या हातावर. चेहऱ्यावर क्षमा नव्हती. मी शोधली, म्हणून सांगतो.

टक टक.

"पुढे," ती म्हणाली. तोच सूर, माझा. चव्वेचाळीसहून जास्त वर्षं तिने तो जसाच्या तसा जपून ठेवला होता.

मी पुढे गेलो. आवाज फाटका येत होता, पण एकही शब्द सोडला नाही. पृष्ठ संपलं तेव्हा पान उलटायच्या आधी मी ते अंगठ्यात आणि बोटात धरून चोळून पाहिलं. एकच होतं. ती ऐकत होती, म्हणून मी पुन्हा एकदा चोळलं.